एकोणीस दिवसांचं शून्य

प्रिय मेरेडिथताई,

"रो, ट्रेंट कधी चुकत नाही गं, फक्त त्याला कळायला जरा वेळ लागतो," असं तू तुझ्या लग्नात माझ्या कानात म्हणाली होतीस. बावीस वर्षं झाली. मी अजून वाट बघतेय. असो, तुला नमस्कार, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. जिना चढतो का तो?

पाणीमंडळाच्या नेटवर्कच्या दारात सहा महिने खपून मी एक चिप बसवली, ते तुला ठाऊक आहे. (तिच्या आतली जोडणी हवी तशी बदलता येते, चोराने नवी युक्ती काढली की आपण नवी जोडणी भरायची. पंपांकडे जाणारा प्रत्येक संदेश ती तपासते.) तिची खोड एकच. जोडणी पक्क्या मेमरीत उतरवली नाही, तर वीज जाताच ती सगळं विसरते आणि गेल्या वर्षीची चाचणीची जोडणी घेऊन उठते. ती जुनी जोडणी येईल त्याला आत सोडते. पक्कं करायला साहेबांची सही लागते, आणि साहेब म्हणजे आपले ट्रेंटभाऊजी. मी दोनदा मागितली. तिसऱ्यांदा मागायचा संकोच वाटला. (ही चूक माझी.)

मग मी रजेवर गेले आणि आमच्या ऑफिसातल्या बॅरीचा निरोपसमारंभ आला. बाहेर त्रेचाळीस अंश, सोसाट्याचा वारा, जिल्हाभर आग पेटवायला बंदी. शहाणा माणूस सँडविच मागवतो. भाऊजींनी विजेची शेगडी आणून सॉसेज आतच भाजायचं ठरवलं, आणि मोकळं सॉकेट सापडेना म्हणून यंत्रांच्या खोलीतल्या एका डब्याचा प्लग उपटला. चिप त्याच डब्यात, आणि त्यावर माझ्या अक्षरात 'काढू नये' लिहिलं होतं. भाऊजींना वाटलं, ते सफाईवाल्यांसाठी असेल! (सॉसेज आतून कच्चेच राहिले म्हणे.)

प्लग परत लावला, हिरवा दिवा लागला, सगळे खूश. रोज चारपाचशे संदेश अडवणारी चिप त्यानंतर एकोणीस दिवस एकही अडवेना. भाऊजींनी अर्थ काढला, की चोर घाबरले. केक आणला, वर साखरेचं भलंमोठं शून्य. मी परतून नोंदी चाळल्या, तर बाहेरच्या कुणीतरी पाण्यातल्या क्लोरीनच्या मात्रेचं पान दोनदा उघडून पाहिलेलं. बदललं काही नव्हतं. नुसतं पाहिलेलं.

"भाऊजी, पहारेकरीच झोपल्यावर चोर मोजणार कोण?"

"रो, तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही! सही कर आणि मोकळी हो."

गुरुवारी ते शून्य अहवालात लिहून मंडळाच्या सभेत जाणार, खाली माझी सही हवी आहे. मी सही केली, तर ते पान कुणी उघडलं हे कुणीच शोधणार नाही. आणि तेच पाणी सगळं गाव पितं, ताई. तू तुझ्या गोळ्याही त्याच पाण्याबरोबर घेतेस.

तुझी,
रोवेना

ता. क. जोडणी मी काल पक्की करून टाकली, भाऊजींच्या सहीशिवाय. बहुतेक नोकरी जाईल.

ता. क. दुसरा. सभेत मी खरं सांगणार आहे. भाऊजींविरुद्ध तू चकार शब्द काढू नकोस. पण एक मागते, तू नाहीच म्हणशील हे माहीत असूनही: गुरुवारी ये, आणि त्यांच्या नाही, माझ्या शेजारी बस.