बाभळीचे काटे

आये, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितोय, रागावू नकोस. चौथीत शाळा सुटली, हात वळत नाही, आणि लिहून टाकायचं कुठे हा घोर वेगळाच. पण रविवारपासून घास गोड लागत नाही, म्हणून बसलो.

पावणे गावातल्या आपल्या घराची पडवी आठवते का गं? ताईच्या रुखवतात ठेवायला तू क्रोशाचा पांढरा रुमाल विणला होतास. धुतलास, भाताच्या पेजेत बुडवून पिळलास, गोधडीवर पसरलास आणि काठाचं एकेक टोक ताणून बाभळीचा काटा टोचत गेलीस. 'असाच सुकवला त तोंड वाकरं करून बसंल, रुसल्या जावयासारका,' म्हणालीस. खाडीचा वारा खारा, लोखंडाला दोन दिवसांत गंज चढतो, म्हणून टाचणीला तू हात लावत नव्हतीस. मला मात्र ते काटे गावंढळ वाटले. कारखान्यात नुकताच लागलो होतो, सगळं येतं असं वाटायचं. ठाण्याहून टाचण्यांची चकचकीत पुडी आणली होती. तू बाजारात गेलीस तेव्हा एकेक काटा काढला, तिथे टाचणी लावली. किती सरळ टोकं आली! तू खूश होशील असं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी, लग्नाच्या धांदलीतून सवड मिळाल्यावर, तू रुमाल उचलतेस आणि काठभर तांबडे डाग. लिंबू चोळलंस, मीठ चोळलंस, जात नाहीत. लग्न चार दिवसांवर. तू ताईवर धावतेस, 'सासरी जायाची येवरी घाई? काटे काढून टाचन्या लावल्यास?' ताईने एकदा माझ्याकडे बघितलं. मी दाराशी उभा. तिने मान खाली घातली. 'चुकला गो आये,' म्हणाली.

मग तू प्रत्येक डागावर लाल दोऱ्याचं फूल काढलंस, आणि सुईत दोरा ओवायला मलाच समोर बसवलंस. मंडपात बाया म्हणाल्या, 'काय नक्षी हाय!' तू हसलीस. मी मंडपाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

रविवारी तुर्भ्याला ताईकडे गेलो होतो. तिची नात क्रोशाचं काहीतरी गादीवर टाचत होती. ताई तिला म्हणाली, 'टाचन्या बघून घे गो. मी येडीनं माझ्याच लग्नाचा रुमाल नासवला व्हता.' माझ्यासमोर. अजून माझ्यावर पांघरूण घालते. मी चहा संपवला आणि उठलो.

आये, त्या टाचण्या मी लावल्या होत्या. तुला ठाऊक होतं का? म्हणून मला दोरा ओवायला बसवलंस का? ताई आता फार थकली आहे, उठताना भिंत धरते. नातीसमोर मी खरं कबूल करू, की इतक्या वर्षांचं तिचं पांघरूण ओढल्यासारखं होईल? हे पत्र घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो, उरलेल्या टाचण्यांच्या पुडीपाशी. त्या गंजून एक गोळा झाल्यात, टाकवत नाहीत. काय करू ते लवकर कळव. ताई आहे तोवर कळव.