साहेबांची पसंती

अहो,

पुढच्या दाराने येऊ नका, मागून स्वयंपाकघरातून या. हॉलमधल्या लाकडी फ्लोअरिंगला आज शेवटचं पॉलिश झालंय, उद्या सकाळपर्यंत त्यावर पाय द्यायचा नाही. त्या वासाने माझं डोकं उठलंय, म्हणून ताईकडे चाललेय. जेवण फ्रिजमध्ये आहे.

लाकडाचे नमुने महिनाभर तुमच्या टेबलावर पडून होते. विचारलं की तुमचं एकच, "तुला आवडेल ते घे." शेवटी ते परदेशी, लालसर भरीव लाकूड मीच ठरवलं. फळ्या बसवताना सुतारकाका म्हणाले, "साहेबांची पसंती भारी आहे हो!"

मी म्हटलं, "मग काय! दुकानात तासभर उभे होते, मला बोलूसुद्धा दिलं नाही."

का बोलले कोण जाणे. पण बोलताना बरं वाटलं, खरंच आपण दोघं दुकानात गेलो होतो असं.

उरलेल्या फळ्या न्यायला काका उद्या येतील आणि तुमच्याशी त्या लाकडाबद्दल बोलतील. मला तोंडघशी पाडू नका.

फ्लोअरिंग नाही आवडलं तरी चालेल, पण तसं फोन करून सांगा. मेसेज नको.