सिसिलियाच्या कबरीवरचा फोटो

१९ ऑक्टोबर
चहा करताना पुन्हा स्टायरीनचा, रेझिनमधल्या त्या रसायनाचा वास. सिसिलिया सातिवलीच्या रेझिनच्या कारखान्यातून आली की तिच्या केसांना यायचा, तोच. ती जाऊन चार महिने झाले. पडवीत तिने केलेल्या रेझिनचा शेवटचा डबा आहे. झाकण घट्ट होतं.

२१ ऑक्टो.
मुलीचा फोन. "पप्पा, ममाचा फोटो ग्रॅनाइटवर कोरून घेऊ. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याआधी लागायला हवा. सगळं गाव कबरींवर येणार."
आमच्या निर्मळ गावातल्या कितीतरी कबरींवर सि.ने रेझिनमध्ये बसवलेले फोटो आहेत. बाजारातले दोन पावसाळ्यांत पिवळे पडतात, तिचे नाहीत. सगळी नोकरी पॉलिमरमध्ये गेली, गाव ओळखतं ते या फोटोंमुळे. आणि तिचाच फोटो दुसऱ्या कोणी...

२४ ऑक्टो.
डबा उघडला. रेझिन पाकासारखं दाट झालंय. तिच्या लॅबमधल्या सावंतला विचारलं.
"सर, जुनं झालं की ते हार्डनरशिवायही सेट होतं. फार दिवस नाही टिकणार. मी येऊ का?"
नको म्हटलं. मीच करणार.
"मॅडमनी तुम्हाला डब्याला हात लावू दिला नसता हां."
खरं आहे. सि. म्हणायची, पातळ आहे तोवरच हे आपलं ऐकतं.

२६ ऑक्टो.
काल थोडं काढून माझ्या पासपोर्ट फोटोवर ओतून पाहिलं. सकाळी बघतो तर कॉलर आहे, शर्ट आहे, चेहरा नाही. नुसता डाग.
सावंत फोनवर हसला. "फोटोला आधी दोन्हीकडून लॅकर मारायचं, सर! नाहीतर स्टायरीन शाई खातं."
आता एकाच फोटोपुरतं उरलंय. दिवसभर त्या डागाकडे बघवेना. उलटा करून ठेवला.

२९ ऑक्टो.
चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून आलो. सि.चा फोटो, लॅबच्या एप्रनमधला. लॅकर परवाच मारून वाळवलं होतं. हार्डनर घातलं, ओतलं. डबा रिकामा.
सावंत फोनवर म्हणाला, "बुडबुडे बघा. घट्ट व्हायच्या आत सुईने फोडा, नंतर कायमचे राहतात."
एकच आहे. अगदी तिच्या ओठांपाशी. आत्ताच श्वास सोडल्यासारखा.
सुई आणली. पंख्याखाली बसलोय. कडा घट्ट होत चालल्यात, मध्ये अजून हलतंय.
सुई बाजूला ठेवली. राहू दे तो तिथेच.