पहिल्या जागी लीलारत्न

मातरच्या आमच्या थोरल्या अक्काला, पाठच्या भावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मी सांगितलेलं तेल लावतेस ना? (नसशीलच. माझं कोण ऐकतं?) इकडे मी बरा आहे. लीलारत्नही बरा असावा, कारण शेजारून त्याचं खोकणं रोज ऐकू येतं.

आम्हा भावांचं भांडण तुझ्या कानावर आलंच असेल. अम्मांनी लावलेला फणस माझ्या अंगणात, पण फांद्या त्याच्या छपरावर. गेल्या महिन्यात एक पिकलेला फणस कौलं फोडून थेट त्याच्या न्हाणीघरात उतरला. तो आत होता. मी हसलो. हसायला नको होतं, पण डोक्याला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवतारात तो बाहेर आला, तेव्हा तूही हसली असतीस. दुसऱ्या दिवशी त्याने विटा आणून टाकल्या. दोन घरांच्या मध्ये डोक्याहून उंच भिंत घालणार म्हणे! म्हणजे सामाईक विहिरीवर त्याचं येणं बंद, आणि रोज सकाळी तिथे दात घासताना एकमेकांना नावं ठेवायची आमची चाळीस वर्षांची सवयही बंद.

घाबरून विहारात गेलो. भन्ते म्हणाले, राग आला की तोंड उघडण्याआधी दहा श्वास मोजा. दुर्दैव असं, की लीलारत्न आदल्याच दिवशी त्यांच्याकडे जाऊन आला होता. मग काय, विहिरीपाशी दोन म्हातारे समोरासमोर सूं-सूं करत उभे, आणि दहा होईपर्यंत बोलायचं काही उरतच नसे. पूर्वी निदान तो मला गाढव तरी म्हणायचा. माझी बायको म्हणाली, "दोघांनाही दमा झालाय की काय?" इतकी शांतता झाली, की मला जेवण जाईना.

पौर्णिमेला पांढरे कपडे घालून अष्टशील घ्यायला गेलो (म्हणजे दिवसभर थापा बंद, दुपारनंतर खाणंही बंद), तर शेजारच्या चटईवर हाच. भन्तेंनी मैत्रीभावना सांगितली: आधी जिवाभावाचं माणूस मनात आणा, मग जेमतेम ओळखीचं, शेवटी वैरी, तिघांचंही भलं होवो म्हणा. लीलारत्नला मी वैऱ्याच्या जागेसाठी राखून ठेवलं होतं. डोळे मिटले, श्वास घेतला, आणि हा पहिल्याच जागी हजर! सहा वर्षांचा, नाक गळतंय, माझ्या शर्टाचं टोक धरून शाळेच्या वाटेवर. (जन्मभर रेल्वेत सिग्नल दाखवले, पण याला काही मागे थांबवता येईना.) तुला पुढे आणून पाहिलं, तरी हलेना. वैऱ्याची पाळी आली तेव्हा ती जागा रिकामी. मला रडू आलं, अक्का. भन्तेंना वाटलं, ध्यान लागलं.

संध्याकाळी पायऱ्यांवर चपला शोधता शोधता त्याने विचारलं, "मला कितव्या जागी घेतलंस?"

"पहिल्या. आणि तू मला?"

"विचारू नकोस. आज खोटं बोलता येत नाही." मग चपला सापडल्यावर, "तुझं शील आहे म्हणून विश्वास ठेवतो. नाहीतर तुझ्यासारखा लबाड गावात नाही."

इतक्या दिवसांनी 'लबाड' ऐकून फार बरं वाटलं. घरापर्यंत बरोबर आलो.

तुझा,
नंदसेन

ता. क. खरं काम आता सांगतो. मी त्या दिवशी आमच्या त्या बोलण्याच्या तासभर आधीच शील सोडून बिस्किटं खाल्ली होती, हे त्याला कुणीतरी सांगितलं. तेव्हा 'पहिल्या'ही थापच, असं तो म्हणतो. उद्या गवंडी येतोय. पुन्हा शील घेऊन सांगावं, तर पुढची पौर्णिमा लांब आहे. ते खरं होतं, असं त्याला तू कळव. तुझं तो ऐकतो.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचं राहिलं. पहाटेच अष्टशील घेऊन, पांढरे कपडे घालून त्याच्या विटांवर जाऊन बसलो आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं. तो बराच वेळ नुसता सूं-सूं करत उभा होता. मग म्हणाला, "गाढवा, आज साधा गुरुवार आहे," आणि शेजारी बसला. गवंडी आला तसा गेला. त्याला विटा हव्या होत्या, आणि आम्ही काही उठलो नाही.