औषधाचे थेंब

इंदापूर, मंगळवार, संध्याकाळ

डोळ्यांत औषध घालणं हे एकट्याचं काम नव्हे, हे आज पुन्हा सिद्ध झालं. तीन थेंबांतला एक भुवईवर, एक मिशीत, उरलेला कसाबसा डोळ्यात. डॉक्टर म्हणतात, "तुमच्या डोळ्यांत पाणीच कमी बनतं." करुण रसाच्या पेपरात एकेकाळी पहिला आलेल्या माणसाने हे ऐकून घ्यावं!

आज अण्णाचा दहावा. या थोरल्या भावाची बातमीही, गावचा वार्ताहर म्हणून, मीच वर्तमानपत्राला पाठवली. 'उपस्थितांना अश्रू अनावर झाले' हे वाक्य हाताने सवयीने लिहून टाकलं. उपस्थितांत मीही होतो की. मी वाक्यं जुळवत होतो.

दुपारी औषध घालून ओसरीवर बसलो होतो. निमगावची आमची अक्का दहा दिवस इथेच आहे. ती बाहेर आली, माझ्या गालावरचा थेंब पाहिला आणि गळ्यातच पडली.

"रड रं बाबा, रड. धा दिस दगडावानी बसलायस. मला लई भ्या वाटत हुतं."

औषध आहे गं, असं म्हणणार होतो. पण तिने डोळे पुसले आणि आज पहिल्यांदा पोटभर जेवली. आता कुठल्या तोंडाने सांगू?

पेरूच्या पाट्या डोक्यावरून बाजारात नेऊन अण्णाने मला संस्कृत शिकवलं. त्याच्यासाठी माझ्या गालावर आलेला थेंब बाटलीतला.

डोळ्यांचं काय, होतील बरे. अण्णासाठी मला कधी रडूच आलं नाही तर? माझी त्याच्यावर माया होती की नव्हती, याचीच भीती वाटते.