ठिगळांची भिंत

प्रिय राजा,

तुझा निरोप मिळाला. नव्या घराच्या बाथरूमची एक भिंत बाबांनी स्वतःच्या हातांनी करावी, निरनिराळ्या टाइल्स एकमेकींना जोडून, असं तुम्हा दोघांच्या मनात आहे. सूनबाईने कुठेतरी फोटो पाहिला आणि तिला तशीच भिंत हवी झाली. मला विचारायच्या आत बाबांनी तुला हो कळवूनही टाकलं. हे पत्र मी त्यांच्या नकळत लिहिते आहे. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, कडू लिहायचं असेल तर आधी हात धुऊन या, तेवढ्यात निम्मा राग उतरतो. मी दोनदा धुतले.

तुला कधी सांगितलं नव्हतं, पण बाबांना मी पहिल्यांदा त्याच शाळेत पाहिलं. मी तिथेच शिकले आणि तिथेच नुकती लहान वर्गांना शिकवायला लागले होते. ते मुलींच्या न्हाणीघराच्या भिंतीला टाइल्स बसवत होते. एक ओळ केसभर तिरकी गेली, तर त्यांनी अख्खी ओळ उखडली. सिस्टर म्हणाल्या, चालेल हो, कोण बघतंय! तर हे म्हणाले, तुम्हाला चालेल, भिंतीला नाही चालायचं. त्या एका वाक्यावर मी लग्न केलं रे. माझे वडील दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

आपल्या न्हाणीघराची भिंत त्यांनी एकदम केली नाही. जिथे काम संपेल तिथल्या मालकाकडून उरलेली एकच टाइल मागून आणायची आणि आपल्याकडे बसवायची, हा त्यांचा रिवाज. निळी डॉक्टरीणबाईंची, हिरवी केशकर्तनालयातली, कडेला फुलं असलेली त्या एकट्या राहणाऱ्या शिंपीणबाईंची. अंगाला साबण लावलेला तू त्या भिंतीवर बोट ठेवून आकडे शिकलास. आंघोळ झाली की कोरड्या फडक्याने भिंत पुसायची, आणि रविवारी जुन्या टूथब्रशने सांधे घासायचे. तुम्ही दोघं घासायचात आणि मी चहा घेऊन दारात उभी राहायची. मला आयुष्यात फार काही मिळालं नाही असं माझ्या बहिणींना वाटतं. त्यांनी ते रविवार पाहिलेले नाहीत.

मग तू नववीत असताना तुझा एक मित्र आला, हात धुवायला आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, काय रे, तुमच्याकडे ठिगळांची भिंत? तू त्याच्याहून मोठ्याने हसलास. बाबा बाजूच्या खोलीत नखं कापत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण त्यानंतर एकही टाइल त्या भिंतीवर चढली नाही. तुला ते कळलंही नसेल. मीही काही महिन्यांनी ओळखलं.

गेल्या वर्षी ते छातीच्या दुखण्याने अठरा दिवस इस्पितळात होते. तेवढ्यात तू येऊन भिंतीवर ते चकचकीत प्लॅस्टिकचे पॅनेल चिकटवून घेतलेस. बाबांना सरप्राइज! मी म्हटलं, थांब जरा, पाइपाच्या बाजूला ओल आहे. तू म्हणालास, आई, तुला यातलं काय कळतं? मी गप्प बसले. ती चूक माझी, तुझ्या पदरात टाकत नाही. बाबा घरी आले, दारात उभे राहिले, बोटाच्या पेराने पॅनेल ठोकून पाहिलं. तुला फोनवर म्हणाले, छान झालंय, पुसायला सोपं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, मागे घाम धरेल.

चार महिन्यांत कडेने काळं यायला लागलं. वास सुटला, त्यांचा खोकला वाढला. पॅनेल काढावे लागले, तर गोंदाबरोबर टाइल्सची चकाकी सोलून निघाली. निम्म्या फुटल्या. ते स्टुलावर बसून एकेक तुकडा उचलत होते, मला हात लावू देत नव्हते. तिथे आता साधा रंग आहे. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, बरं झालं, एकदाचं निघालं ते सगळं.

आणि आता तुला तीच भिंत हवी आहे, कारण ती फॅशनमध्ये आली.

तुझा निरोप आल्यापासून त्यांनी हत्यारांची पेटी काढली आहे. शेजारी जातो सांगतात आणि मागच्या पडवीत तोंडाला रुमाल बांधून टाइल्स कापत बसतात. परत येतात तेव्हा पापण्या पांढऱ्या असतात. दोन पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभे राहतात. ती धूळ पुन्हा छातीत गेली तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू मान हलवली होतीस, मोबाइलमध्ये बघत.

मी त्यांना अडवू शकत नाही. पोराने काम मागितलंय, असं ते दूधवाल्यालासुद्धा सांगतात. तुझ्या जन्मानंतर त्यांना इतकं आनंदात मी पाहिलेलं नाही. तू तब्येतीचं कारण दिलंस तर, मला काय धाड भरलीय, म्हणून पुढची गाडी पकडतील. म्हणून सांगते, तब्येतीचं नाव काढू नकोस. बायकोचा विचार बदलला, आता ते जुनाट वाटतंय, असं सांग. ते लगेच विश्वास ठेवतील, कारण सांगणारा तू असशील. एकदा आणखी त्यांचं मन मोड, राजा. तुला ते जमतं. या खेपेला मी तुला बोल लावणार नाही.

तुझीच, पण त्याआधी त्यांची,
आई