भुशाच्या ढिगातले बाबा

३ फेब्रुवारी
बाबा गेले, त्यांची शेड आता माझी. लाकडाचा भुसा मशीनमध्ये दाबून ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या विटा, करायच्या, लॉन्ड्रीच्या बॉयलरला द्यायच्या. बायकोने बजावलंय, पहिली ऑर्डर हुकली तर शेड विकायची. हुकतेय कशाला! बाबा भुसा पसरून वाळवायचे, ढीग रोज फावड्याने खालीवर करायचे. वेळच वेळ होता त्यांना. मी ओलाच रचला, थेट छपरापर्यंत. वर ताडपत्री. प्लॅनिंग लागतं.

६ फेब्रुवारी
ब्रिकेट हातात घेताच भुगा. मशीन भिकार आहे. ढिगात हात घातला तर गरम! म्हणजे आपोआप वाळतोय. म्हटलं नव्हतं?

१० फेब्रुवारी, पहाट
शेडमध्ये फावड्याचा आवाज. खर्र, खर्र. सोबत पुटपुट. खिडकीतून पाहिलं तर अंधारात नुसती वाफ. बाबाच! आत जाणार होतो, चप्पल सापडली नाही.

११ फेब्रुवारी
घरात सांगितलं, बाबा आलेत. बायको म्हणाली, जाऊन बघा की. म्हटलं, आत्म्यांना डिस्टर्ब करू नये. आईने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. घाबरली बिचारी.

१५ फेब्रुवारी
रोज पहाटे तेच. आता भीतीपेक्षा राग जास्त. जिवंतपणी माझं प्रत्येक काम पुन्हा करायचे. मी बांधलेली गाठसुद्धा सोडून बांधायचे. मेल्यावरही विश्वास नाही म्हणजे हद्द झाली! दाराला कुलूप ठोकलं. किल्ली उशीखाली. बायकोने विचारलं, भुताला कुलूप चालतं का. दुर्लक्ष केलं.

१६ फेब्रुवारी
चाललं! आवाज बंद. आई मात्र पहाटे शेडच्या दारापर्यंत जाऊन परत आली म्हणे. चहाही घेतला नाही. वय झालं.

२४ फेब्रुवारी
शेडमधून करपट वास. भुसा मुरत असावा. उद्या नक्की बघतो.

२६ फेब्रुवारी
कुलूप काढून ताडपत्री ओढली आणि भडका उडाला. आत कधीपासून धुमसत होतं कोण जाणे. शेड गेली, मशीन गेलं, ऑर्डर गेली.

आई म्हणाली, फावडं मीच मारायचे, ढीग तापू नये म्हणून. आणि तिथे ह्यांच्याशी चार शब्द बोलता यायचे. मी ओरडलो, मग सांगितलं का नाहीस! म्हणाली, बाबा आलेत म्हणालास, ते ऐकून इतकं बरं वाटलं रे.

२७ फेब्रुवारी, पहाट
जाग आली. कान देऊन पडलो. कुठेच आवाज नाही. आई अंथरुणात उठून बसलीये. तिला आता जायला जागाच नाही.